कळी सोलणारी माणसं

जालन्याहून देऊळगाव राजाकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेडनेट दिसू लागतात. गाडीतून जाणाऱ्याला त्या जाळीआड काय चालतं ते कळत नाही. आत टोमॅटोचा नाहीतर मिरचीचा सीड प्लॉट असतो आणि दुपार कलली की बायका चिमटा घेऊन ओळीला लागतात. उद्या उमलणारी कळी आज ओळखायची, चिमट्याच्या टोकाने तिच्या पाकळ्या अलगद उघडायच्या, आतली पुंकेसरांची पिवळी नळी ओढून काढायची आणि मधला बारीक दांडा तेवढा शाबूत ठेवायचा, कारण फळ तिथेच धरायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचा पराग डबीतून घेऊन त्या दांड्याच्या टोकाला लावायचा आणि फुलाखालची दोन हिरवी निदलं कातरायची. फळ तोडताना हीच खूण सांगते की हे क्रॉसिंगचं, म्हणजे संकराचं, आहे. चिमटा जरा खोल गेला तर कळी गळते. हात उशिरा पोहोचला तर फूल आपल्याच परागाने फळतं आणि बियाण्यात भेसळ होते. अनेक आठवडे रोज हेच काम चालतं, आणि ते मान वाकवून करावं लागतं.

जर्मनीत कोलोन शहरात माक्स प्लांक संस्थेचं वनस्पती-प्रजननाचं केंद्र आहे, इंग्लंडात नॉरिचला जॉन इनेस सेंटर आहे, कॅलिफोर्नियात डेव्हिसचं विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी वनस्पतिशास्त्रात काम करणाऱ्या तरुण संशोधकाचा दिवस कसा जातो, असं कुणी विचारलं तर जालन्याच्या माणसाला लांबलचक उत्तर द्यायची गरज नाही. तोही कळ्या सोलतो. त्याचं झाड मोहरीच्या कुळातलं अ‍ॅरॅबिडॉप्सिस नावाचं वीतभर रोप असतं आणि कळी इतकी बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय चिमटा लावता येत नाही. सहाच्या सहा पुंकेसर काढायचे, एक जरी राहिला तर सगळं मुसळ केरात. मग पराग लावायचा, खुणेचा दोरा बांधायचा आणि बी पिकेपर्यंत थांबायचं. पेरणीपासून पुढच्या पिढीचं बी हाती यायला या रोपाला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्या बियांतून हवा तो गुण उतरला नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. झाडाला रविवार नसतो, म्हणून संशोधकालाही नसतो. रसायनशास्त्रातल्याला कळीच्या जागी चंचुपात्र असतं, भौतिकशास्त्रातल्याला संगणकावरचा आकड्यांचा ढीग. पण दिवसाचं माप तेच: नव्वद टक्के वेळ हातचं काम, वाट पाहणं आणि फसलेलं पुन्हा मांडणं.

आणि आपण काय म्हणतो? "पोरगं तिकडं सेटल झालं." जालना, अंबड, भोकरदन, कुठल्याही गल्लीत जा, परदेशी विद्यापीठात गेलेल्या मुलामुलीबद्दल हाच शब्द ऐकू येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या मंडळींना लावायला याहून चुकीचा शब्द सापडणार नाही. तरुण संशोधक परदेशात सेटल झालेला नसतो. तो मुदतीच्या कामावर गेलेला असतो. त्याचं रोजचं जगणं, त्याची चिंता, त्याने निवडलेला विषयसुद्धा त्या मुदतीने ठरतो. आणि बियाण्यावर उभ्या राहिलेल्या, त्याच वेळी दर दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं बाहेर पाठवणाऱ्या जालना जिल्ह्याला हे कळायला फारसं अवघड जाऊ नये.

मुदत म्हणजे नेमकी किती? अमेरिकेत पीएचडीनंतरच्या संशोधकाची, म्हणजे पोस्टडॉकची, नेमणूक बहुतेक ठिकाणी वर्षाच्या बोलीवर असते. मार्गदर्शक प्राध्यापकाचं अनुदान टिकलं तर पुढचं वर्ष, नाहीतर दुसरं दार. जर्मनीने तर याचा कायदाच केला. २००७ च्या त्या कायद्याप्रमाणे विद्यापीठात पीएचडीआधी सहा आणि पीएचडीनंतर सहा वर्षं, एवढाच काळ हंगामी करारावर काम करता येतं (वैद्यकशास्त्राला थोडी जास्त सवलत आहे). तेवढ्यात कायम जागा मिळाली नाही तर वाट बदला. हा नियम का चांगला आहे हे समजावण्यासाठी तिथल्या शिक्षण मंत्रालयाने 'हाना' नावाच्या काल्पनिक तरुण संशोधिकेवर एक चित्रफीत काढली होती. एका पिढीने सगळ्या जागा तुंबवून ठेवू नयेत, असा तिचा सूर होता. २०२१ च्या जूनमध्ये हजारो जर्मन संशोधकांनी "मीच हाना" म्हणत समाजमाध्यमांवर आपापल्या करारांच्या कहाण्या मांडल्या, आणि मंत्रालयाला ती चित्रफीत काढून घ्यावी लागली. ज्यांचा देश तोच, भाषा तीच, त्यांची ही गत. घनसावंगीहून गेलेल्या मुलीचा तर राहण्याचा परवानाच त्या कराराला बांधलेला असतो. करार संपला की घरमालकाच्या आधी व्हिसाची तारीख दार वाजवते.

इथे पहिला आक्षेप पैशाचा येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२४ साली नव्या पोस्टडॉकसाठी वर्षाला ६१,००८ डॉलर विद्यावेतन ठरवलं. त्या वेळच्या दराने हे ५० लाख रुपयांच्या वर जातं. आपल्याकडे जेआरएफला, म्हणजे पीएचडी करणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोला, महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, तेही जानेवारी २०२३ पासूनची वाढ धरून. मग रडगाणं कशाचं, असं कुणीही विचारील. पण गुणाकार करून ५० लाखांचा आकडा काढणारा माणूस त्याच दराने घरभाड्याचा, आरोग्यविम्याचा, बसच्या पासचा गुणाकार करत नाही. ब्रिटनमध्ये व्हिसा घेतानाच आरोग्यसेवेचा अधिभार भरावा लागतो. कामाच्या व्हिसावर तो फेब्रुवारी २०२४ पासून माणशी वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि जेवढ्या वर्षांचा व्हिसा तेवढ्या वर्षांचा आगाऊ घेतात. जर्मनीत पीएचडी करणाऱ्याला अनेक ठिकाणी पूर्ण वेतनश्रेणीच्या ६५ टक्के पगार मिळतो आणि प्रयोगशाळेत तास मात्र शंभर टक्के भरतात. या पगारात माणूस उपाशी मरत नाही, नीट राहतो, हे मान्यच केलं पाहिजे. थोडे पैसे घरीही पाठवतो. पण त्या पगारावर घराचं कर्ज काढावं, आईवडिलांना तिकडे न्यावं, पुढच्या पाच वर्षांचा बेत आखावा, असा तो पगार नाही. 'पॅकेज' हा सॉफ्टवेअर कंपनीचा शब्द आहे. तो इथे लावला की हिशेब चुकतो, आणि गल्लीत चुकलेला हिशेब त्या मुलालाच निस्तरावा लागतो.

मनावर काय होतं याचीही मोजणी झाली आहे. २०१८ साली 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात २६ देशांतल्या २,२७९ जणांचं, मुख्यतः पीएचडी करणाऱ्यांचं, सर्वेक्षण छापून आलं. त्यात नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सहापटीहून अधिक निघालं. अशी प्रश्नावली स्वेच्छेने भरली जाते, त्रासलेला माणूस ती आधी भरतो, म्हणून आकडा काहीसा फुगला असेल असं समजून चला. निम्मा केला तरी तो गप्प बसू देत नाही. त्यात आपल्या पोरांची भर वेगळी. कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा-साडेतेरा तास मागे. इथे आई सकाळचा चहा घेऊन व्हिडिओ कॉल लावते, तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, त्या दिवसाचा प्रयोग फसलेला असतो, आणि "जेवलास का?" या प्रश्नाला "हो" म्हणण्यापलीकडे काही सांगता येत नाही. कळी का गळली हे सांगायला दोघांच्या मध्ये शब्दच नसतात. खरं तर जालन्यात ते शब्द आहेत. शेडनेटमध्ये काम केलेल्या मावशीला "आज साठ कळ्या सोलल्या, चारच धरल्या" हे एका वाक्यात कळेल. विचारणारं कुणी नसतं एवढंच.

मुदतीचं सगळ्यात मोठं नुकसान मात्र ज्ञानाचं होतं, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राची बीडीएन-७११ ही तूर आज मराठवाड्यात घरोघर माहीत आहे. असा एखादा वाण संकर केल्यापासून शेतकऱ्याच्या पेरणीयंत्रात पडेपर्यंत आठ-दहा वर्षं सहज जातात. पिढ्यामागून पिढ्या निवडायच्या, वेगवेगळ्या जमिनींत लावून पाहायच्या, मर रोगाच्या वावरात मुद्दाम पेरायच्या, तुटीच्या पावसात काय होतं ते बघायचं. आता ज्याच्या हातात दोन वर्षांचा करार आहे, त्याने असा प्रश्न हाती का घ्यावा? तो दोन वर्षांत शोधनिबंध निघेल असाच प्रश्न निवडणार, नाहीतर तिसरा करार मिळणार नाही. सहा आठवड्यांत पिढी बदलणारं अ‍ॅरॅबिडॉप्सिस त्याला सोयीचं. वर्षात एकदाच येणारी तूर आणि लावल्यावर चार-पाच वर्षांनी धरणारी मोसंबी गैरसोयीची. हुशार माणसं ज्या प्रश्नांकडे जात नाहीत ते प्रश्न बहुधा आपल्याच बांधावरचे असतात, आणि त्याचं कारण त्या माणसांच्या निष्ठेपेक्षा त्यांच्या कराराच्या कागदात जास्त सापडतं.

या सगळ्याला हंगामी मजुरीच्या शेजारी बसवण्यावर एक रास्त हरकत आहे. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून दर वर्षी जोडपीच्या जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल अंगावर असते, पोरं फडावर असतात, पहाटेच्या थंडीत कोयता चालतो. त्या जगण्याशी वातानुकूलित प्रयोगशाळेची बरोबरी करणं हा उद्धटपणा होईल आणि तो मी करत नाही. संशोधक आपल्या मर्जीने गेला आहे, त्याच्या अंगावर उचल नाही, त्याला काम सोडता येतं आणि त्याच्या पदवीला जगात कुठेही किंमत आहे. तुलना फक्त एका जागी करतो: गाव या दोघांनाही 'गेले' अशा एकाच खात्यात टाकतं. एक हंगामासाठी गेला, दुसरा करारासाठी. दोघांचंही घर, मन आणि पुढची सोय इथेच अडकलेली. दोघांच्याही परतीच्या वेळी इथे काय काम असेल, याचा विचार कुठल्याच नियोजनात नसतो.

दुसरी हरकत मोठ्या आवाजात येते: आमच्या पैशाने शिकले आणि परक्यांची धन केली. सरकार खर्च करतं हे खरंच. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना दर वर्षी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळते. मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथी या सरकारी संस्थेने सुरू केलेल्या शिष्यवृत्तीला सयाजीराव गायकवाडांचं नाव आहे. हे नाव पाहिलं की त्यांच्याच एका शिष्यवृत्तीधारकाची गोष्ट आठवली पाहिजे. १९१३ साली भीमराव आंबेडकर महिना साडेअकरा पौंडांवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपली म्हणून लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून ते १९१७ साली परतले आणि करार पाळायला बडोद्याला हजरही झाले. तिथे त्यांना राहायला कुणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं, कचेरीत शिपाई कागद लांबून फेकत. काही दिवसांतच त्यांना बडोदा सोडावं लागलं. करार पाळणारा माणूस होता, परत आला होता, त्या काळात त्याच्याइतका शिकलेला माणूस शोधून सापडला नसता. पण गावाने त्याला खोली दिली नाही. म्हणून "परत या" म्हणणाऱ्याने आधी "कुठे?" याचं उत्तर खिशात ठेवावं.

आजच्या अडचणीचं रूप वेगळं आहे, जातीचा फास थेट तसाच दिसत नाही (पूर्ण सुटला असं मी म्हणणार नाही), पण 'कुठे' हा प्रश्न उरतोच. राज्यातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि नेट-सेट, पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. तिकडच्या वर्षाच्या करारातून सुटून इकडच्या तासाच्या करारात कुणी यायचं? केंद्राच्या रामानुजन, रामलिंगस्वामी यांसारख्या परतीच्या फेलोशिप चांगल्या आहेत, पण त्याही पाच वर्षांच्या, आणि त्या घेऊन येणारा माणूस साहजिकच पुणे, बंगळूर, हैदराबादच्या मोठ्या संस्थांत जातो. दुसरीकडे तिकडची दारंही आक्रसत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावलं. वर्षाला साठ हजार देणारी प्रयोगशाळा एका माणसाच्या कागदासाठी एक लाख भरेल, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. म्हणजे येत्या काही वर्षांत अनेकजण परत येतील, देशप्रेमाने असो वा नाइलाजाने. त्यांच्यासाठी जिल्ह्यात जागा आहे का, हा प्रश्न आता व्याख्यानाचा उरलेला नाही.

"बाहेर जायचंच कशाला? बद्रीनारायण बारवाले कुठे परदेशात संशोधनाला गेले होते?" हे जालन्यातलं हुकमी उत्तर. खरं आहे. १९६४ साली याच गावात त्यांनी महिको ही बियाणे कंपनी काढली आणि १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. 'जालना सोन्याचा पालना' ही म्हण बियाण्याच्या पोत्यांनी पुन्हा खरी केली. पण त्या पोत्यांत काय होतं ते पाहिलं पाहिजे. १९६४ सालीच देशात पहिली संकरित ज्वारी आली, सीएसएच-१. तिची आई, सीके-६०ए, अमेरिकेतून आली होती. संकरित ज्वारीचं बी एवढ्या प्रमाणावर करणं शक्य झालं ते नर-वंध्य झाडांमुळे, म्हणजे ज्यांची कळी हाताने सोलावीच लागत नाही अशा झाडांमुळे. ही युक्ती टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी १९५४ साली मांडली. कुठल्या तरी परक्या वावरात कुणी तरी वर्षानुवर्षं कणसं तपासत बसलं, म्हणून मराठवाड्याच्या रानात संकरित ज्वारी उभी राहिली. उलटी वाटही आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकारक म्हणून देशाबाहेर पडले आणि मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्यावर काम करत राहिले. त्यांचा मोठा उपयोग मेक्सिकोच्या शेतकऱ्याला झाला. इंग्रज सरकारने परतीची वाट बंद ठेवली आणि स्वातंत्र्यानंतर ते आले तेव्हा उमेदीची वर्षं तिकडेच सरली होती. ज्ञान येतं-जातं यात नुकसान नाही. जाणाऱ्याशी धागा तुटतो, तिथे नुकसान आहे.

तो धागा ठेवायला फार मोठी योजना लागत नाही, आणि जालन्याकडे गाठ मारायला खुंट्याही आहेत. बदनापूरला कडधान्यांचं केंद्र आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांची मासिक चर्चासत्रं होतात. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यात आहे. बियाणे कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत. परदेशातल्या संशोधकाला वर्षातून दोन-तीन आठवडे सुट्टी मिळते, बहुतेकदा नाताळच्या सुमारास. त्यातले दोन दिवस या ठिकाणी जावेत, इथल्या मातीतला एखादा प्रश्न त्याच्या वहीत उतरावा, पुढचं वर्षभर महिन्याला एक फोन त्या प्रश्नावर व्हावा. यातून उद्या नवा वाण निघेल असं नाही. पण करार संपेल तेव्हा जिल्ह्यातल्या चार माणसांना त्याचं काम ठाऊक असेल, आणि त्यालाही कुठल्या दारावर थाप मारायची ते कळलेलं असेल. आज हे घडत नाही, कारण त्या दोन-तीन आठवड्यांत आपण सत्कार ठेवतो, लग्नाची स्थळं दाखवतो आणि पॅकेज विचारतो.

तेव्हा यंदा डिसेंबरात गल्लीतला मुलगा किंवा मुलगी तिकडून आली, तर शाल-नारळ राहू द्या. आधी विचारा, काम कुठे अडलंय. कळेल तेवढं ऐका, आणि मग एक दिवस त्यांना बदनापूरला घेऊन जा. जालन्याहून जेमतेम वीस किलोमीटर आहे, आणि डिसेंबरात तिथली तूर शेंगेला आलेली असते.